भातगिरणीचे बेअरिंग आणि त्याची निगा



सुगी आटोपली की शहापूर-मुरबाडकडचे भात गिरणीच्या वाटेला लागते. ऐन अशा वेळी शाफ्टचे बेअरिंग गेले, तर गिरणी बंद. लोकांना ओझी घेऊन माघारी जावे लागते. आपण म्हणतो, ‘मालच हलका निघाला.’ पण पुष्कळदा दोष मालाचा नसतो. निवडीचा, बसवण्याचा किंवा निगेचा असतो.

बैलगाडीच्या आखाला वंगण नसले की चाक कुरकुरते, कारण तिथे घासणे आहे. बेअरिंगमध्ये दोन कड्यांच्या मधे पोलादी गोळ्या असतात. त्यामुळे घासण्याच्या जागी लोळणे येते. वेल्समधील फिलिप व्हॉन याने 1794 साली अशा गोळ्यांचे पेटंट घेतले, तेही गाडीच्याच आखासाठी!

आधी निवड. बेअरिंगवर 6206 असा आकडा असेल, तर शेवटच्या 06 ला पाचाने गुणावे: आतले भोक 30 मिलिमीटर. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. 6306 चे भोकही 30 च. परंतु बाहेरचा व्यास 62 ऐवजी 72, आणि ते भार जास्त पेलते. म्हणून नुसते भोक मोजून दुकानात जाऊ नये. जुन्यावरचा पुरा आकडा उतरवून न्यावा. भाताच्या तुसात सिलिका असते, वाळूच्याच जातीची. ती आत शिरली की पोलादही झिजते. तेव्हा गिरणीत दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंग बरे.

शाफ्ट लांब असेल आणि पावसाळ्यात पाया खचत असेल, तर शाफ्ट किंचित तिरका होतो. स्वीडनमधील एका कापडगिरणीत हीच अडचण होती. तिथल्या स्वेन विंगक्विस्ट याने 1907 साली स्वतःच कलून जुळते होणारे बेअरिंग काढले. अशा जागी तेच घ्यावे.

आता बसवणे. शाफ्टवर चढवताना बाहेरच्या कड्यावर हातोडा मारू नये. तो घाव गोळ्यांतून आत जातो आणि त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. आतल्या कड्यावर बेतशीर नळी टेकवून हलके ठोकावे. ग्रीस घराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत भरावे. ठासून भरले तर बेअरिंग तापते. पट्टाही उगाच ताणू नये. बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य निम्मे नव्हे, आठव्या हिश्श्यावर येते!

सरळ रेषेत सरकणाऱ्या यंत्रांनाही हाच न्याय. मुरबाडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे की, दोन सरकपट्ट्या आगगाडीच्या रुळांसारख्या समांतर हव्यात. बोल्ट पक्के आवळण्यापूर्वी सरकता भाग हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पाहावा. कुठे अडला, तर पट्टी तिथे वाकडी आहे असे समजावे.

राहिली निगा. आवाजाकडे कान असावा. घरघर सुरू झाली की दुखणे आले म्हणा. गिरणी पुरती थांबल्यावर बेअरिंगच्या घराला जपून हात लावून पाहावा. रोजच्याहून अधिक तापले असेल तर कारण शोधावे. चालत्या पट्ट्याजवळ मात्र हात कदापि नेऊ नये. ग्रीस भरण्याआधी तोंड फडक्याने पुसावे, नाहीतर वंगणाबरोबर धूळही आपणच आत घालतो. आणि हे सारे सुगीच्या आधी करावे. भाताच्या राशी दारात आल्यावर नव्हे.