झिका विषाणूसंसर्गानंतर प्रौढांमध्ये उद्भवणारे मज्जातंतूविकार : गिलेन बॅरे सिंड्रोमच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : झिका विषाणू, एडिस डास, गिलेन बॅरे सिंड्रोम, मज्जातंतू, प्रतिपिंडे

प्रस्तावना

डासांमुळे होणाऱ्या विषाणूजन्य आजारांविषयी एक समज समाजात दृढ आहे, तो म्हणजे ताप उतरला की आजार संपला. त्यानंतर हातापायांत राहिलेली शक्तिहीनता ही ‘तापानंतरची अशक्तता’ मानून विश्रांती व सकस आहार यांवर भर दिला जातो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा समज खरा ठरतो. परंतु काही थोड्या रुग्णांमध्ये ही शक्तिहीनता म्हणजे मज्जातंतूंच्या गंभीर विकाराची सुरुवात असते. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमधील झिकाच्या साथीत लहान आकाराचे डोके घेऊन जन्मलेल्या अर्भकांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. प्रौढांवर होणारा परिणाम मात्र त्यामानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या परिणामाचे स्वरूप, त्याचा पुरावा व त्यातून मिळणारा बोध यांचा विचार केला आहे.

विषाणूची ओळख

झिका विषाणू १९४७ मध्ये युगांडातील झिका या जंगलात एका माकडाच्या रक्तात प्रथम आढळला. डेंग्यूचा विषाणू व हा विषाणू एकाच कुळातील असून दोहोंचा प्रसार मुख्यत्वे एडिस इजिप्ती या दिवसा चावणाऱ्या डासामार्फत होतो. झिकाचा प्रसार लैंगिक संबंधातूनही होऊ शकतो. बहुसंख्य बाधितांना लक्षणे जाणवत नाहीत. ज्यांना जाणवतात त्यांना सौम्य ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी व डोळे लाल होणे एवढाच त्रास होतो. म्हणूनच अनेक दशके हा आजार निरुपद्रवी समजला गेला.

विकाराचे स्वरूप

गिलेन, बॅरे व स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या आजाराचे वर्णन केले. त्यांपैकी पहिल्या दोघांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. यात प्रतिकारयंत्रणा संसर्गाशी लढताना स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. काही रुग्णांत मज्जातंतूभोवतीचे मायलिन हे आवरण नष्ट होते, तर काहींत प्रत्यक्ष तंतूलाच इजा पोहोचते. प्रथम पायांत मुंग्या येतात, जिना चढणे अवघड होते. नंतर ही शक्तिहीनता दोन्ही बाजूंनी वर सरकत हात, चेहरा आणि प्रसंगी श्वसनाचे स्नायू यांपर्यंत पोहोचते.

फ्रेंच पॉलिनेशियातील अनुभव

पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशिया या द्वीपसमूहाची लोकसंख्या सुमारे पावणेतीन लाख आहे. या विकाराचे प्रमाण सर्वसाधारणपणे वर्षाला लाखात एक ते दोन इतके असते. त्या हिशेबाने तेथे वर्षाला तीन ते पाच रुग्ण अपेक्षित होते. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१३ ते एप्रिल २०१४ या झिकाच्या साथीच्या काळात ४२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १६ जणांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले व १२ जणांना कृत्रिम श्वसन द्यावे लागले. सुदैवाने कोणीही दगावले नाही.

एका साथीपाठोपाठ दुसरा आजार वाढला, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. त्यासाठी संशोधकांनी या ४२ रुग्णांची तुलना त्याच रुग्णालयातील, ताप नसलेल्या ९८ रुग्णांशी केली. झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सर्व ४२ रुग्णांमध्ये आढळली. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५६ टक्के होते. येथे केवळ शंभर टक्के हा आकडा पुरेसा नव्हता. साथीने निम्म्याहून अधिक लोक बाधित झालेले असताना दोन गटांतील फरक हाच खरा पुरावा होय. पूर्वी डेंग्यू होऊन गेल्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. त्यामुळे डेंग्यूमुळे हा विकार बळावतो, या शंकेलाही आधार मिळाला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार झिकाच्या दर एक लाख बाधितांमागे सुमारे २४ जणांना हा विकार झाला.

अर्थात, व्यक्तीच्या दृष्टीने धोका चार हजारांत एक इतकाच आहे. परंतु लाखो लोक एकाच वेळी बाधित झाल्यास कृत्रिम श्वसनयंत्रांची मर्यादित संख्या हाच आरोग्ययंत्रणेपुढील कळीचा प्रश्न ठरतो.

निदान व उपचार

झिकाची लक्षणे व मज्जातंतूविकार यांत फ्रेंच पॉलिनेशियात साधारणतः सहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे ताप विसरला जात असतानाच पाय लटके पडू लागतात. मज्जातंतूंची विद्युत् चाचणी व पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी निदानास साहाय्यक ठरते. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे हे दोन उपचार परिणामकारक आहेत. ते लवकर सुरू होणे आवश्यक असते. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत पुन्हा चालू लागतात, तथापि काहींना दीर्घकाळ दुर्बलता राहते.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी आढळला. २०२४ मध्ये पुणे शहरातही रुग्ण आढळले. २०२५ च्या प्रारंभी पुणे परिसरात गिलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा झिकाची आठवण होणे स्वाभाविक होते. मात्र त्या वेळी मुख्यतः कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व दूषित पाणी यांच्याकडे तपासाचा रोख गेला. एकाच विकाराला अनेक कारणे असू शकतात, हे यावरून स्पष्ट होते. कारण न शोधता केवळ धूरफवारणी किंवा केवळ पाण्याचे शुद्धीकरण करणे अपुरे ठरते.

समारोप

झिकावर आजतागायत विशिष्ट औषध किंवा सर्वत्र उपलब्ध लस नाही. घराभोवती साठलेले स्वच्छ पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करणे, हाच प्रतिबंधाचा मुख्य मार्ग होय. त्याचबरोबर तापानंतर दोन्ही पायांतील शक्ती दिवसागणिक कमी होत असेल, तर त्यास अशक्तता न समजता त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अगत्याचे आहे. महाविद्यालयीन अध्यापकांनी हा भेद विद्यार्थी व त्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचविल्यास काही रुग्ण श्वसनयंत्राची वेळ येण्यापूर्वीच उपचारांपर्यंत पोहोचू शकतील.