पाठीचं माप

मंडळाच्या यंदाच्या हळदीकुंकवाला आम्ही पाचजणी एका कोपऱ्यात बसून तावातावाने बोलत होतो. बाकीच्यांना वाटलं, सोन्याचा भाव नाहीतर मुलांच्या ॲडमिशन. प्रत्यक्षात विषय होता सॅक! पाठीवर टाकून डोंगर चढायची सॅक. "अगं, पण त्यात बोलण्यासारखं आहे काय?" असं एका काकूंनी विचारलं, तेव्हा आम्ही त्यांना वहिनींची हकिगत सांगितली. तीच इथे लिहून काढतो आहोत.

वहिनी म्हणजे आमच्यातल्या सर्वांत लहान चणीच्या. उंची चार फूट दहा इंच, वजन ४६ किलो. माहेर अकोले तालुक्यातलं. लहानपणी अंगणात उभं राहिलं की कळसूबाईचं शिखर दिसायचं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. त्यांची आई दर नवरात्रात वर जाऊन देवीची ओटी भरायची. वहिनी मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत लग्न होऊन थेट बहारीनला आल्या. आता आईचे गुडघे गेले. तीन वर्षांपूर्वी फोनवर त्या म्हणाल्या, "माझ्याच्यानं आता होत नाही. एकदा माझी ओटी तू पोचव."

आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी लागते ती ऐन पावसाळ्यात. त्या जुलैत आमची तीन कुटुंबं एकाच वेळी देशात होती. ठरलं, सगळ्यांनी मिळून बारी गावातून चढायचं. भावजींनी इथल्याच एका दुकानाच्या सेलमध्ये मोठी सॅक घेऊन ठेवली होती. हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकायला जाणाऱ्यांसाठी दुकानांत जे सामान येतं, त्यातलीच ती, पण शिकाऱ्यांसाठी बनवलेली. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची, भरभक्कम. भावजींची कंबर धरलेली, म्हणून ती आली वहिनींच्या पाठीवर. आणि एकदा सॅक पाठीवर आली की घरच्या बाईचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. "आई, माझी बाटली ठेव." "अगं, माझा रेनकोट." सहा लिटर पाणी, धपाट्यांचा डबा, चार रेनकोट, टॉवेल, आणि सर्वांत वर ओटीचं सामान.

पहिल्या लोखंडी शिडीपर्यंत वहिनी कशाबशा पोचल्या. शिडीवर मान वर केली की सॅकचं टोक अंबाड्यावर आदळे, आणि दोन पायऱ्या चढल्या की सॅक मागे खेची. पट्टे खांद्यांत रुतलेले, कंबरेचा पट्टा घसरून पार मांड्यांवर आलेला. खाली रांग लागली. कुणीतरी चांगल्या मनाने म्हणालं, "काकू, तुम्ही बसा इथेच, उगाच कशाला." वहिनी उतरल्या. ओटी दुसऱ्या कुणाच्या हातून वर गेली. परतीच्या प्रवासात त्या एकच वाक्य बोलल्या, "माझा जीवच केवढासा, माझ्याच्यानं कसं होणार!"

हे वाक्य आम्हा सगळ्यांना लागलं. कारण असं वाक्य आपण प्रत्येकीने कधी ना कधी म्हटलेलं आहे.

बहारीनला परतल्यावर आमच्यातल्या एकीने ती सॅक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चढवली. रिकामी सॅक तीन किलो! आणि त्यात आश्चर्य काही नाही. शिकाऱ्याला मारलेल्या जनावराचं मांस पाठीवर वाहून आणायचं असतं. त्यासाठी तिचा सांगाडा मजबूत आणि कापड जाड ठेवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि वहिनींची शिकार म्हणजे धपाट्यांचा डबा! सामान धरून त्या दिवशी एकूण ओझं झालं होतं बारा किलो. ठोकताळा असा की दिवसभराच्या चालीसाठी वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं आणि मुक्कामाच्या ट्रेकला फार तर पाचव्या हिश्शाएवढं ओझं घ्यावं. वहिनींच्या हिशेबाने साडेचार किलो आणि नऊ किलो. त्यांच्या पाठीवर होता चौथ्या हिश्शाहून जास्त भार.

पण खरी गोम वजनाहूनही मापात होती. आता तुम्ही म्हणाल, सॅकला कसलं माप? तिच्यावर तर लिटर लिहिलेले असतात. लिटर म्हणजे पोटात किती मावतं ते. पाठीचं माप वेगळं, आणि ते उंचीवरून कळत नाही. मान पुढे वाकवली की मानेच्या बुडाशी एक मणका उठून दिसतो. तिथून टेप सुरू करायचा. दोन्ही हात कंबरेच्या हाडांच्या वरच्या काठावर ठेवायचे, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे पडते, तिथे टेप संपवायचा. मापताना ताठ उभं राहायचं आणि टेप दुसरीला धरायला सांगायचा. वहिनींचं माप आलं साडेचौदा इंच. त्या शिकारी सॅकची पाठ अगदी आखूड करूनही अठरा. साडेतीन इंचांचा फरक! म्हणजे कंबरेचा पट्टा कंबरेवर बसणं शक्यच नव्हतं. गंमत म्हणजे आमच्यातली साडेपाच फुटी उंच मैत्रीण, तिची पाठ भरली फक्त सोळा इंच. उंची सगळी पायांत!

आपण ब्लाउज शिवायला मनामाच्या बाजारात जातो तेव्हा शिंप्याशी अर्ध्या इंचासाठी हुज्जत घालतो. आणि दहा तास पाठीवर बाळगायची वस्तू मात्र नवऱ्याची, नाहीतर मुलाची जुनी, चालते ना, चालवून घ्या!

चांगल्या सॅकचा भार खांद्यांनी उचलायचा नसतो. मोठ्या सॅकचा बहुतेक भार कंबरेच्या हाडांवर यायला हवा. म्हणून पट्टे आवळायचा एक क्रम आहे. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक अंगावर घ्या. कंबरेचा पट्टा हाडाच्या काठावर आणून पहिल्यांदा तो आवळा. पोटावर नको, हाडावर. मग खांद्याचे पट्टे ओढा. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे तिरपे जाणारे छोटे पट्टे. सर्वांत शेवटी छातीचा. तो गळ्याच्या हाडांखाली दोन-तीन बोटं असावा, आणि श्वास कोंडेल इतका घट्ट नसावा.

आता बारीक चणीच्या बायकांनी बघायच्या खास गोष्टी. कंबरेचा पट्टा पूर्ण आवळल्यावर त्याच्या दोन्ही गाद्या पुढे एकमेकींना टेकल्या, तर तो पट्टा तुम्हाला मोठा. मध्ये चार बोटं तरी जागा हवी. खांद्याचे पट्टे फार लांब लांब असले तर ते दंडाकडे घसरतात. बायकांसाठी बनवलेल्या सॅकमध्ये ते जवळ असतात आणि छातीला काचू नयेत म्हणून वळण दिलेले असतात. खांदा आणि पट्टा यांत फट राहिली तर सॅकची पाठ लांब आहे असं समजा. शेवटी मान वर करून छताकडे बघा. डोकं सॅकला लागलं की ती परत ठेवा. वेणी किंवा अंबाडा नेहमी घालत असाल तर तोच घालून दुकानात जा. सलवारच्या नाड्याची गाठ पट्ट्याखाली येऊ देऊ नका, दोन तासांत ती हाडात रुतते. आणि मंगळसूत्र आत टाका, छातीच्या पट्ट्यात अडकतं.

दुकानात रिकामी सॅक अंगावर घालून आरशात बघणं म्हणजे शुद्ध फसवणूक. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते! आम्ही चार पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाची पिशवी घेऊन गेलो होतो. विक्रेता आधी हसला, मग त्यानेच पट्टे लावून दिले. पाच किलो भरून वहिनी मॉलमध्ये वीस मिनिटं चालल्या, जिने चढल्या-उतरल्या. तीन सॅक नापास झाल्या. चौथी, २४ लिटरची, आखूड पाठीची, किलोभराच्या आतली, ती घालून वहिनी एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही कुठे दुखतच नाही!"

जुनी सॅक शिंप्याकडून आटपून घेता येईल का, असं काहीजणी विचारतात. लोंबणारे पट्टे कापून घेता येतात, बक्कल बदलता येतं. पण आतला सांगाडा लांब असेल तर शिंपी काय करणार?

सॅक भरण्यातही मेख आहे. जड वस्तू पाठीला लागून आणि मधोमध, हलके कपडे तळाशी, रेनकोट हाताशी. जड डबा बाहेरच्या बाजूला गेला की सॅक मागे ओढते, आणि शिडीवर हेच भोवतं. पावसाळ्यात वरचं आवरण पुरत नाही, पाठीकडून पाणी शिरतं, म्हणून आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावा.

राहिला सराव. इथला सर्वांत उंच डोंगर जबल दुखान, तोही सुमारे १३४ मीटर! म्हणजे चढाला जागा नाही. वहिनी मार्चपासून इमारतीचे जिने चढत होत्या, पाठीवर आधी दोन किलो, मग तीन, मग चार. मेपासून उन्हामुळे बाहेर चालणं बंद, पण जिने चालूच. लिफ्टमध्ये शेजारी विचारायचे, "प्रवासाला निघालात?" वहिनी म्हणायच्या, "अजून नाही."

लहान चणीच्या बाईने डोंगराकडे बघू नये असं कुणी म्हणालं, तर १९७५ साली एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या स्त्रीचं नाव सांगावं: जपानच्या जुन्को ताबेई, अंगाने अगदी लहानखुऱ्या.

गेल्या जुलैत आम्ही पुन्हा बारीत होतो. या खेपेला प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पाठीवर, मुलांचंही. ती अट वहिनींनीच घातली होती, आणि खरं सांगायचं तर सॅक विकत घेण्यापेक्षा ती अट घालणं त्यांना जड गेलं असावं. धुकं इतकं की पुढची शिडी दिसत नव्हती. वहिनी सावकाश, दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चढत होत्या. सॅक अंगाला चिकटलेली, जराही हलत नव्हती. वर देवळात पोचल्यावर त्यांनी सॅक उघडली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून खण-नारळ काढला. कोरडा होता. ओटी भरली आणि तिथूनच आईला फोन लावला. रेंज येत-जात होती. "पोचवली गं," एवढंच पलीकडे ऐकू गेलं. तेवढं पुरे होतं.

सगळं श्रेय सॅकचं नाही, चार महिन्यांच्या जिन्यांचंही आहे. पण दोन वर्षं वहिनी ज्याला आपला कमीपणा समजत होत्या, तो साडेतीन इंचांचा फरक होता. आणि तो त्यांच्यात नव्हता, सॅकमध्ये होता.

तर मैत्रिणींनो, सुट्टीला निघण्याआधी शिवणाच्या डब्यातला टेप काढा आणि एकमेकींच्या पाठी मोजा. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आम्ही टेप आणि वहिनींची सॅक घेऊन येणार आहोत. तांदळाची पिशवी तेवढी तुम्ही आणा!