दोन आसनं आणि दोन समुद्र : निवृत्तीनंतरच्या एका प्रवासाची आखणी

फलकावर विषय वाचून मागच्या रांगेत काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. हसायला हरकत नाही. भंडारा जिल्ह्यात राहणारं, साठी गाठलेलं जोडपं स्पोर्ट्स कार घेऊन देश ओलांडायचं म्हणतं, तेव्हा आधी हसूच येतं. आमच्या मुलीलाही आलं होतं. मग तिने विचारलं, "बाबा, चढाल हो तुम्ही त्या गाडीत, पण उतरणार कसे?" प्रश्न बरोबर होता आणि आमची खरी आखणी त्या प्रश्नापासूनच सुरू झाली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही हा प्रवास करून आलेलो नाही. आमची आखणी तेवढी झाली आहे. आज बोलायचं आहे ते त्या आखणीबद्दल.

स्पोर्ट्स कारच का?

सगळी नोकरी सायकल आणि बसवर गेली. पुढे चारचाकी आली, पण तिच्या मागच्या सीटवर कायम कोणीतरी असायचं. मुलं, आईवडील, पाहुणे, कधी धानाचं पोतं. गाडी आमची होती, पण ती नेहमी दुसऱ्या कोणाच्या कामासाठी निघायची. आता ज्या गाडीला मागची सीटच नाही अशी एक गाडी हवी, इतकं साधं कारण आहे.

वेग हे कारण नाही. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारसाठी कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, आणि फलकावर त्याहून कमी लिहिलं असेल तर ती कमी मर्यादा पाळायची. तेव्हा गाडी २५० ने धावू शकते की १५० ने, याने आपल्याला काहीच फरक पडत नाही. स्पोर्ट्स कारची ओळख वेगळी आहे. बसकी बांधणी, जमिनीलगतचा गुरुत्वमध्य, हलकं वजन आणि वळणावर चालकाला मिळणारी पकड. गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' आठवा. दोन आसनं, फायबरची बॉडी आणि इंजिन जेमतेम ६० अश्वशक्तीचं. तरी ती स्पोर्ट्स कारच होती.

कुठून कुठे?

देश ओलांडायचा म्हटलं की लोकांना काश्मीर ते कन्याकुमारी आठवतं. आम्हीही आधी तोच नकाशा पसरला होता. मग लक्षात आलं की आपल्या दारावरून जाणारा रस्ताच एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जातो. ज्याला आपण अजून 'सहा नंबर' म्हणतो, तो आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३. अरबी समुद्राजवळ सुरतेच्या हजिऱ्यापासून बंगालच्या उपसागरावरच्या पारादीप बंदरापर्यंत. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, मग आपलं भंडारा, लाखनी, साकोली, पुढे राजनांदगाव, रायपूर, संबलपूर.

आणि आपण जवळपास मधोमध आहोत! भंडाऱ्याहून पारादीप साधारण साडेआठशे किलोमीटर आणि सुरत साधारण सव्वाआठशे. आज सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. घर मध्यावर असेल तर मोठा प्रवास एका दमात करायची गरज नाही. पूर्वेचा अर्धा करायचा, घरी यायचं, गाडी तपासायची, स्वतःला तपासायचं, आणि मग पश्चिमेचा अर्धा करायचा की नाही ते ठरवायचं. पहिल्या अर्ध्यानंतर थांबलो तरी एक समुद्र पाहून झालेला असतो.

पैसा : इथे चूक परवडत नाही

निवृत्तीच्या वेळी हातात एकदम रक्कम येते आणि माणसाला आपण श्रीमंत झालो असं वाटू लागतं. त्यातला सर्वांत मोठा मोह म्हणजे पेन्शन विकणं, म्हणजेच अंशराशीकरण. केंद्र सरकारच्या नियमांत मूळ पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग असा एकरकमी घेता येतो. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याला पुढच्या वाढदिवसाचं, म्हणजे ६१ चं कोष्टक लागतं. त्याचा गुणक ८.१९४ आहे.

आता हिशोब बघा. मूळ पेन्शन ४०,००० रुपये धरा. तिचे ४० टक्के म्हणजे १६,००० रुपये. १६,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ केलं की १५,७३,२४८ रुपये येतात. पावणेसोळा लाखांच्या आसपास. एवढ्यात जुनी, दोन आसनी, परदेशी बनावटीची एखादी गाडी मिळू शकते. पण त्या बदल्यात दरमहा १६,००० रुपये पंधरा वर्षं कापले जातात. एकूण २८,८०,००० रुपये. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो आणि कुटुंब निवृत्तिवेतनाला धक्का लागत नाही, हे खरं. तरी पंच्याहत्तरीपर्यंत दरमहा १६,००० कमी येणार, आणि औषधांचा खर्च नेमका त्याच वर्षांत वाढणार.

पेन्शन विकून घराचं कर्ज फेडणं वेगळं आणि गाडी घेणं वेगळं. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. म्हणून आम्ही दोघांनी एक नियम केला. गाडीसाठी पेन्शनला हात लावायचा नाही. उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, जी रक्कम पूर्ण बुडाली तरी घरखर्चाला झळ बसणार नाही, तेवढीच या कामाला काढायची. त्या रकमेचे तीन भाग करायचे. दोन भाग गाडीच्या किमतीला आणि एक भाग दुरुस्तीला. दुरुस्तीचा भाग वेगळा काढता येत नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाही असं समजायचं.

प्रवासाचा खर्च त्या मानाने कमीच आहे. दोन्ही बाजूंचं जाणं-येणं आणि इकडचं-तिकडचं फिरणं धरून सुमारे ३,७०० किलोमीटर. लिटरला १० किलोमीटर आणि पेट्रोल ११० रुपये धरलं तर ४०,७०० रुपये. टोलसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीला ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते. आमच्यासारख्यांना तो सोयीचा आहे.

गाडी घेताना

परराज्यातून, विशेषतः दिल्लीहून, अशा गाड्या स्वस्त मिळतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, हे त्यामागचं एक कारण. पण तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, इथली फेरनोंदणी आणि महाराष्ट्राचा कर मिळवला की तो स्वस्तपणा बराच उतरतो. गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि आयात गाडीला त्याची फी साध्या कारच्या कितीतरी पट आहे.

दुसरं, इंधन. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नसतात. ते आधी बदलून घ्यायचे. तिसरं, स्टेपनी. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये ती नसतेच. पंक्चर बुजवायचं द्रावण आणि छोटा पंप देतात. टायर फाटला तर द्रावणाचा उपयोग नाही, आणि त्या मापाचा टायर रस्त्यावरच्या दुकानात मिळेल याचा भरवसा नाही. निघण्याआधीच एक टायर मागवून घरी ठेवायचा आणि कोणाकडून तो पाठवून घ्यायचा, हे ठरवून ठेवायचं.

१९०३ साली होरेशो नेल्सन जॅक्सन या डॉक्टरकी सोडलेल्या अमेरिकन गृहस्थाने पन्नास डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क मोटार नेली. अशा तऱ्हेने तो देश ओलांडणारा तो पहिला. ६३ दिवस लागले, आणि त्यातले कित्येक दिवस सुटे भाग येण्याची वाट पाहण्यात गेले. सव्वाशे वर्षांनीही वेगळी गाडी घेणाऱ्याच्या नशिबी हे आहेच. म्हणून आमच्या वेळापत्रकात दर चार दिवसांमागे एक दिवस रिकामा आहे.

गतिरोधकाचं गणित

सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, "घासणार नाही का?" उत्तर मोजून देऊ. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून साधारण १२ सेंटिमीटर वर असतं. साध्या छोट्या कारचं १६-१७. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असेल तर मधला माथा पोटाखाली येतो तेव्हा चारही चाकं गतिरोधकावरच असतात. चाकांच्या जागेपेक्षा माथा फक्त ४ सेंटिमीटर वर येतो. गाडी आरामात जाते.

आता आपल्या आडवाटेवरचा घरगुती गतिरोधक घ्या. १५ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद. पुढची चाकं उतरली, मागची अजून चढायची आहेत, आणि पोटाखाली पूर्ण १५ सेंटिमीटरचा उंचवटा. पोट आहे १२ वर. गाडी टेकणारच! म्हणजे अडचण उंचीची कमी आणि रुंदीची जास्त आहे. उपाय दोन. मागेपुढे कोणी नसेल तर अगदी हळू, तिरकं जायचं, म्हणजे एखादं चाक उंचवट्यावर राहतं आणि पोट थोडं उचललेलं असतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे महामार्ग सोडायचाच नाही. मुक्काम महामार्गालगत करायचा आणि आत जायचं असेल तर तिथली भाड्याची गाडी करायची. छत्तीसगडमधलं सिरपूरचं विटांचं लक्ष्मण मंदिर आम्हाला पाहायचं आहे. ते असंच पाहणार.

शरीर आणि कागद

मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. बसक्या गाडीतून उतरणं म्हणजे पाटावरून उठणं. म्हणून आम्ही घरी पाट ठेवला आहे. हाताचा आधार न घेता सलग दहा वेळा उठता आलं तर गाडी बघायला जायचं. एकाला सध्या सात वेळा जमतं, दुसरीला दहा. कोण कोण ते विचारू नका.

मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्यांचा झोत रात्री सहन होत नाही. त्यामुळे सूर्य मावळला की गाडी बंद. दिवसाला ३०० किलोमीटरच्या वर जायचं नाही. दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचं, नाहीतर पायांत रक्त साकळायचा धोका वाढतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने जेवण चुकवून चालवायचं नाही.

परवाना नीट बघा. पंचावन्न वर्षांनंतर तो पाच-पाच वर्षांनीच वाढतो आणि डॉक्टरांचा नमुना १-अ लागतो. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. मुदत संपलेला परवाना घेऊन अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. आणि चालवता दोघांनाही आलं पाहिजे. आमच्यात एकच चालक होता. आता दुसरीचं शिकणं पूर्ण होत आलं आहे.

केव्हा निघायचं?

आपल्याकडचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात वैनगंगा काय करते ते ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळांचा काळ. १९९९ चं महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबरला पारादीपजवळच धडकलं होतं. शिवाय नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण घरी बसून दिलेला बरा. त्याच दिवसांत धान भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. काहींना मागे दिवा नसतो.

म्हणून नोव्हेंबरात दाखला आणि गाडीची तपासणी. डिसेंबरात दोन चाचण्या. आधी नागपूरला जाऊन त्याच दिवशी परत, मग रायपूरला एक मुक्काम. दोन्ही जमल्या तर जानेवारीत पूर्व. कारध्याचा पूल ओलांडून साकोली, पुढे नवेगाव-नागझिऱ्याचा जंगलपट्टा, रायपूर, संबलपूरला १९५७ मध्ये उद्घाटन झालेलं हिराकूड धरण आणि शेवटी पारादीप. फेब्रुवारीत पश्चिम. त्या वाटेवर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला होता. त्या रस्त्यावर आमची गाडी घासणार नाही अशी आशा आहे.

प्रत्येक टप्प्यानंतर घर येतं आणि प्रत्येक वेळी 'पुढे जायचं का?' हा प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारायचा. दोघांचं 'हो' आलं तरच पुढे. एकाचं 'नाही' आलं तर गाडी विकायची, उरलेले पैसे बँकेत ठेवायचे आणि रागवायचं नाही. हे आम्ही कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या आहेत.

अजून गाडी घेतलेली नाही. पाट मात्र रोज वापरात आहे. सातवरून आठवर गेलो की कळवू. आता तुमचे प्रश्न घेऊ.