संग्रहालय कीं अजबखाना?

आपल्याकडील जुनी माणसें संग्रहालयास ‘अजबखाना’ म्हणत. अजब वस्तु पाहाव्या, तोंडांत बोट घालावें आणि घरीं परतावें, एवढाच अशा स्थळाचा उपयोग, अशी समजूत त्या नांवांत दडलेली आहे. ती किती अपुरी आहे, हें लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयावरून आम्ही दाखवूं इच्छितों.

सर हॅन्स स्लोन या वैद्यानें जन्मभर जमविलेला संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १७५३ सालीं, ब्रिटिश राष्ट्राकडे आला. पुढें प्राणी, वनस्पति व खनिजें यांस स्वतंत्र मंदिर असावें, असा आग्रह रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञानें धरला, आणि १८८१ सालीं आजची भव्य इमारत उघडली. तिच्या भाजलेल्या मातीच्या नक्षींतही धडा आहे: पूर्वेकडील भागावर नामशेष झालेले प्राणी कोरलेले आहेत, पश्चिमेकडील भागावर आजचे.

आंत शिरतांच दृष्टि वर जाते. १८९१ सालीं आयर्लंडांत वेक्सफर्डजवळ वाळूंत अडकलेल्या निळ्या देवमाशाच्या मादीचा सुमारें ८३ फूट लांबीचा सांगाडा २०१७ सालापासून मुख्य दालनांत टांगलेला आहे. बेसुमार शिकारीनें ही जात संपत आली असतां, १९६६ सालीं राष्ट्रांनीं मिळून तिच्या शिकारीस बंदी घातली. म्हणून या सांगाड्यास ‘होप’, म्हणजे आशा, असें नांव दिलें आहे.

परंतु जें दिसतें त्याहून पुष्कळ अधिक कपाटांत आहे. सुमारें ८ कोटि नमुने तेथें जपले आहेत. नमुना कोठें व केव्हां मिळाला, हें सांगणारी चिठ्ठी त्याचा प्राण होय. ती हरवली, कीं उरते ती केवळ शोभेची वस्तु.

याचा एक दाखला पाहा. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमधील बहिरी ससाण्यांचीं अंडीं घरट्यांतच फुटूं लागलीं. डेरेक रॅटक्लिफ यांनीं संग्रहांतील जुन्या अंड्यांच्या कवचांशीं नव्यांची तुलना केली. १९४७ च्या सुमारास कवचें एकाएकीं पातळ झालीं होतीं, असें त्यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलें. शेतांत वापरलेलें डीडीटी हें त्याचें कारण ठरलें. पुढें त्यावर निर्बंध आले, आणि ससाणे पुन्हां वाढले. अंडीं गोळा करणारांस डीडीटी हें नांवही ठाऊक नव्हतें; पण त्यांनीं तारीख लिहून ठेवली होती!

लंडन दूर खरें. पण मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतही निसर्गेतिहासाचा विभाग आहे. पालकांनीं मुलांस तेथें अवश्य न्यावें. आणि विद्यार्थ्यांनो, आधीं चिठ्ठी वाचा, मग वस्तु पाहा. किनाऱ्यावर रिकामा शिंपला उचललात, तरी त्यासोबत गांव व तारीख लिहून ठेवा. उद्यां कोणता प्रश्न उभा राहील, हें आज कोणास सांगतां येत नाहीं. पण त्याचें उत्तर तुमच्या त्या दोन ओळींत असूं शकेल.