भिवंडीचा तरुण आणि पोलीस सेवेची वाट

यंत्रमागांचा खडखडाट आणि मालमोटारींची अखंड वर्दळ यांमुळे सर्वपरिचित असलेल्या भिवंडीत दरवर्षी शेकडो मुले-मुली बारावीची परीक्षा देऊन बाहेर पडतात. काल्हेर, माणकोली, दापोडे या गावांतील भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत. तेथे हमालीचे अथवा पहाऱ्याचे काम मिळते, पण स्थैर्य मिळतेच असे नाही. साहजिकच अनेकांची दृष्टी पोलीस दलाकडे वळते. काही जण तर थेट परदेशातील पोलीस सेवेची चौकशी करतात. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांकडे हे तरुण प्रथम येतात, म्हणून या सेवेची वस्तुस्थिती त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

भिवंडीत पोलीस या शब्दाला इतिहास आहे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्या. दि. प्र. मादन आयोग नेमण्यात आला आणि आयोगाने पोलिसांच्या वर्तनावरही कठोर टीका केली. १९८४ मध्ये शहर पुन्हा होरपळले. त्यानंतर १९८८ मध्ये उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग हाती घेतला. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागातील पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. शिपायाला वस्तीतील माणसे नावानिशी कळू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता शेजारची भिवंडी शांत राहिली. या यशाचे सारे श्रेय समित्यांनाच द्यावे काय, याबद्दल मतभेद असू शकतील. परंतु वस्तीची भाषा व रीतभात जाणणारा शिपाई किती उपयोगी पडतो, हे त्या दिवसांत दिसून आले. स्थानिक तरुणांनी दलात यावे असे म्हणण्यामागे केवळ नोकरीचा विचार नाही, तो यासाठी.

पोलीस शिपाईपदासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८ वर्षे असून मागासवर्गीयांसाठी ती ३३ पर्यंत शिथिल आहे. उंची पुरुषांसाठी किमान १६५ व महिलांसाठी १५५ सेंटीमीटर लागते. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर व फुगवून ५ सेंटीमीटर अधिक भरावी लागते. अलीकडील भरतीत प्रथम ५० गुणांची मैदानी चाचणी घेतली जाते. पुरुषांसाठी १६०० मीटर, महिलांसाठी ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर धावणे व गोळाफेक. पुरुषांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत अंतर कापावे लागते. गोदामातील रात्रपाळी करून आलेल्या मुलाला हे महिन्याभराच्या सरावाने साधत नाही.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. १०० गुणांची लेखी परीक्षा ९० मिनिटांत मराठीतून द्यावयाची असते. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे तिचे विषय होत. भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांची मोठी वस्ती आहे, उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुलेही येथेच वाढली आहेत. मैदानावर वाऱ्यासारखा धावणारा मुलगा समास आणि प्रयोग यांपाशी अडखळतो. आठवी-नववीपासून मराठीचा एक जादा तास घेणारा शिक्षक या मुलांच्या दृष्टीने कोणत्याही खाजगी शिकवणीपेक्षा मोलाचा ठरेल.

अर्ज करताना आणखी एक गोष्ट पाहावी. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, तर तालुक्यातील पडघा, गणेशपुरी हा भाग ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या कक्षेत. दोन्ही घटकांची पदे स्वतंत्र असतात आणि एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. पदवीधरांना महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत उपनिरीक्षक होता येते. त्यांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते.

आता परदेशाविषयी. पोलीस हे सार्वभौम सत्तेचे अंग असल्यामुळे कोणताही देश हे काम सहसा परक्या नागरिकाच्या हाती देत नाही. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातील नागरिकाला अर्ज करता येतो, पण त्याच्या तेथील वास्तव्यावर कालमर्यादा नसेल तरच. कॅनडाच्या संघीय पोलीस दलालाही नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. म्हणून पैसे घेऊन येथूनच थेट परदेशी पोलिसात भरती करून देतो असे सांगणारा मध्यस्थ फसवीत आहे, हे पालकांना स्पष्टपणे सांगावे. परदेशात वर्दीने काम करण्याचा एक मार्ग मात्र घरातूनच जातो. भारतीय पोलीस संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांवर जातात. २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभराहून अधिक महिलांची तुकडी लायबेरियात गेली, आणि २०१६ पर्यंत तिच्यामागून नव्या तुकड्या जात राहिल्या.

शेवटी कागदपत्रांची बाब. अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर ही प्रमाणपत्रे जाहिरातीत दिलेल्या मुदतीच्या आतील तारखेची लागतात. जाहिरात निघाल्यावर तहसील कार्यालयात रांग लागते आणि दाखला हाती पडेपर्यंत मुदत उलटते. बारावीचा निकाल लागताच गावातील इच्छुकांची यादी करून तलाठ्यांच्या मदतीने हे दाखले काढून ठेवणे ग्रामपंचायतीला अवघड नाही.