ड्रेनचं पाणी

सकाळी ७.२०
मुंबईतलं पालिकेचं रुग्णालय, चौथ्या मजल्यावरचा सर्जरी वॉर्ड. सिस्टर बदलापूरहून पहाटेच्या लोकलने आल्यात. रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर देतात, तेही प्रत्येक बेडपाशी थांबून, एकेक नळी हाताने दाखवत. "चार नंबर, व्हिपलचा तिसरा दिवस. उजवा ड्रेन १८०, डावा ६०. ताप नाही."

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, त्याला चिकटलेला लहान आतड्याचा भाग, पित्ताशय काढतात आणि उरलेलं स्वादुपिंड आतड्याला शिवतात. ग्रंथी मऊ असली की टाका लोण्यात घातल्यासारखा, धरतच नाही. सांधा झिरपला की अन्न पचवणारा रस पोटात मोकळा सुटतो. म्हणून नळ्या.

८.१०
ग्लोव्ह्ज, मेजरिंग जार, पेन. पिशवी रिकामी करायची, जार सपाट जागी ठेवायचा, डोळा रेघेच्या पातळीवर आणायचा. "अंदाजे दोनशे" असं शिकाऊ मुलगी म्हणते. सिस्टर तिला पुन्हा वाकायला लावतात. १९०. आकड्याशेजारी रंग लिहायचा: फिकट गुलाबी, पिवळसर, हिरवा, तपकिरी गढूळ. शेवटचे दोन दिसले की फोन करायचा.

९.००
राउंड. चार नंबरच्या ड्रेनमधलं पाणी अमायलेज, म्हणजे त्या रसातलं एन्झाइम, तपासायला पाठवायचंय. रक्तातल्या नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर आकडा गेला तर रस झिरपतोय. पण नुसत्या आकड्याने फिश्चुला (रस गळणारी वाट) ठरत नाही, त्यामुळे पेशंटच्या उपचारात काही बदलावं लागतंय का तेही बघतात. २०१६ पासून जगभर हाच हिशेब आहे.

१०.१५
सात नंबर. बीडकडचे शेतकरी काका, व्हिपलच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले. आत साठलेलं पाणी काढायला सोनोग्राफीवर बघून पिगटेल ही टोकाशी वळलेली नळी घातलीय. दहा सीसी सलाईन हळूच आत. जोर लावायचा नाही. जुन्या ड्रेनभोवतीची कातडी रसाने सोललीय, लालभडक. सिस्टर ती कोरडी करतात, मग स्टोमाची पिशवी. तिचं भोक नळीच्या मापाचं कापायचं असतं. मोठं झालं तर रस कातडीवर, लहान झालं तर पिशवी सुटते. काकांच्या बायकोने ती समोरच्या मेडिकलमधून ३२० रुपयांना आणलीय. सिस्टर आधी कागदावर माप काढतात, मगच कात्री लावतात.

काकांचं ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. बायकोचं मुंबईतलं राहणं-खाणं योजनेत नाही. सिस्टर स्वतः कंत्राटी आहेत, महिना २६ हजार.

११.४०
सात नंबरच्या पिशवीत लाल. जेमतेम २० मिली. काका बसून पेपर वाचतायत, बीपी ठीक, नाडी ९६.

पण ताजं रक्त आहे. त्या रसाने कापलेल्या धमनीचं टोक कुरतडलं जातं. आधी असं थोडंसं येतं, थांबतं, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी धो धो वाहतं. भीती वाटते ती त्या मधल्या वेळेची, कारण तेव्हा पेशंट ठणठणीत दिसतो.

"सर, सात नंबर, ड्रेनमध्ये फ्रेश ब्लड. लगेच या."

सर येईपर्यंत दोन्ही हातांना हिरव्या सुया लागतात, क्रॉसमॅचची बाटली भरते, तोंडाने काही द्यायचं नाही असा बोर्ड लागतो. वॉर्डबॉय मामा ट्रॉली घेऊन लिफ्टपाशी. सीटी अँजिओ.

दुपारी १.३०
धमनीच्या टोकाला फुगा आलाय. जांघेतून तार घालून तिथे कॉइल बसवणार. पोट पुन्हा उघडायचं नाही.

२.३०
पाळी संपली. सिस्टर बसून नोट्स लिहितायत. चार नंबरचा अमायलेजचा रिपोर्ट आला: २,१४०. ताप नाही, पोट मऊ, थोडं खातोय. ड्रेन राहू द्यायचा. त्याचा मुलगा घाबरलाय.
"अहो, पाणी बाहेर येतंय ना? मग बरं. आत साठलं तर त्रास."

३.२०
काका आयसीयूत, रक्त थांबलं. संध्याकाळच्या सिस्टरना ओव्हर देऊन झालंय. काकांची बायको पैसे हातात धरून विचारते, उद्याची पिशवी आत्ताच आणून ठेवू का.
"नको ताई. आयसीयूत आहेत पिशव्या. आधी तुम्ही जेवून या."