पायाला अडवणारे पायडल

घरात हौसेने घेतलेली महागडी सायकल आहे, पण ती चालवायला खास बूट लागतात, म्हणून ती भिंतीशी उभी राहते. थोड्या खर्चात आणि अर्ध्या तासाच्या कामात हीच सायकल साध्या चपलेतही चालवता येते. कशी, ते पाहू या.

जबलपूरच्या जुन्या मराठी कुटुंबांत सायकलचे नाव काढले की घरातल्या वडीलधाऱ्यांना कारखान्याचा भोंगा आठवतो. 1904 साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. 1942 मध्ये खमरियाची आयुध निर्माणी आणि 1969 मध्ये वाहन निर्माणी आली. हे कारखाने 2021 पासून वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले असले, तरी शहराची ओळख अजून त्यांच्याशीच जोडलेली आहे. पाळी सुटली की फाटकातून काळ्या दणकट सायकली बाहेर पडत. कॅरियरला जेवणाचा डबा, हँडलला भाजीची पिशवी आणि पुढच्या दांड्यावर घरचे लेकरू.

त्या सायकलचा एक मोठा गुण होता. ती घरातल्या कोणालाही चालत असे. बाबा बूट घालून कामावर गेले, तर संध्याकाळी तीच सायकल घेऊन मुलगा रबरी चपलेत दळण आणायला जाई. ज्याचा पाय सीटवरून पुरत नसे, तो दांड्याखालून पाय घालून ‘कैची’ चालवी. पायडलवर दोन रबरी ठोकळे असत आणि त्यावर कोणाचाही, कसलाही पाय ठरत असे.

आज गोरखपूरच्या बाजारातून सकाळी निघालात, तर निराळ्याच सायकली दिसतील. बारीक चाकांच्या, हलक्या, अनेक गिअरच्या. डोक्यावर हेल्मेट घातलेली तरुण मंडळी सुटीच्या दिवशी भेडाघाटापर्यंत चक्कर मारून येतात. या हौशीला बळ देणारी उदाहरणे मराठी मुलखातलीच आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. 2017 मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. त्यानंतर चांगल्या सायकलीसाठी पैसे साठवणाऱ्यांची घरोघरी कमी राहिली नाही.

पण या सायकलींपैकी पुष्कळशांचे पायडल चपलेचा पाय नाकारते. समजा, मुलाने दोन वर्षे पैसे साठवून अशी सायकल घेतली आणि पुढे नोकरीसाठी तो पुण्याला गेला. आता ती सायकल बहिणीला कॉलेजला न्यायची आहे, किंवा बाबांना डॉक्टरांनी रोज थोडी सायकल चालवायला सांगितले आहे. दोघेही एकदा बसून पाहतात, पाय घसरतो, पोटरीला खरचटते आणि सायकल पुन्हा भिंतीशी जाते. हजारो रुपयांची वस्तू एका लहानशा भागापायी अडून बसते.

नावात नाही, पण पायात आहे

या पायडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेले. गंमत अशी की, पाय अडकवून ठेवणे हेच तर त्याचे काम! हे नाव पडले त्याला कारण आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पायडलवर पिंजऱ्यासारखी एक क्लिप आणि चामड्याचा पट्टा असे. त्यात बुटाचे टोक घालून पट्टा आवळायचा. पडायची वेळ आली की हात खाली नेऊन पट्टा सैल करावा लागे, आणि तेवढा अवधी क्वचितच मिळे.

फ्रान्समधली ‘लुक’ कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीची बंधने बनवत असे. पडताना बूट आपोआप सुटावा, हे तंत्र तिच्याजवळ होते. 1984 मध्ये तिने तेच सायकलच्या पायडलला लावले. 1985 मध्ये बर्नार इनॉ याने ही पायडले वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली आणि पाहता पाहता पिंजरे मागे पडले. 1990 मध्ये जपानच्या ‘शिमानो’ कंपनीने ‘एसपीडी’ नावाची लहान आकाराची पद्धत आणली. बुटाच्या तळव्याला धातूची एक चकती असते, तिला क्लीट म्हणतात. ती पायडलच्या स्प्रिंगमध्ये दाबली की खट्ट आवाज होऊन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते.

लांबच्या प्रवासात याचा उपयोग होतो. खड्ड्यातून जाताना पाय पायडलवरून उडत नाही आणि तासन्‌तास एकाच जागी राहतो. परंतु भाजी आणायला निघालेल्या माणसाला याची गरज नसते. पाय वर ओढून जादा जोर मिळतो, हा समजही पुरता खरा नाही. संथ गतीने सायकल चालवताना मुद्दाम पाय वर ओढला, तर शक्ती वाचण्याऐवजी जास्तच खर्च होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. जोर मुख्यतः पाय खाली दाबण्यातूनच येतो, आणि तो चपलेतूनही देता येतो.

चपलेला काय अडचण?

एसपीडी पायडलचा वरचा भाग फार लहान असतो आणि मधोमध स्प्रिंगचा उंचवटा असतो. कडक तळव्याच्या बुटाला तो जाणवत नाही. पातळ चपलेत मात्र सगळे वजन त्या उंचवट्यावर येते. तळपाय दुखतो आणि पावसात ओला तळवा गुळगुळीत धातूवरून सटकतो. उभे राहून जोर लावताना पाय सटकला, तर माणूस थेट दांड्यावर आदळतो.

उलटी अडचणही ध्यानात घ्या. गोरखपूरहून ग्वारीघाट चार-पाच किलोमीटरच्या अंतरावर. सकाळी नर्मदेच्या दर्शनाला सायकलवरून जाणारे पुष्कळ. क्लीट असलेल्या बुटांनी घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण. शिवाय घाटावर पायताण काढायचेच असते, तेव्हा बंदांचे आणि पट्ट्यांचे बूट काढत-घालत बसण्यापेक्षा चप्पल बरी. गर्दीच्या चौकात एकाएकी थांबावे लागले आणि सवय नसलेल्याला टाच वळवायचे सुचले नाही, तर तो उभ्याउभ्या सायकलीसकट कलंडतो. साठी ओलांडलेल्या माणसाच्या मनगटाला किंवा खुब्याला अशी पडझड परवडणारी नाही.

तीन मार्ग

पहिला मार्ग, वर बसवायच्या पाट्यांचा. प्लास्टिकची रुंद पाटी मिळते आणि तिच्या खालच्या बाजूला क्लीटसारखीच रचना असते. बुटाऐवजी ही पाटी पायडलमध्ये खट्टकन बसवायची, की वर चपलेसाठी जागा तयार. पायडल सोडवावे लागत नाही. पण पाटी आपल्या पायडलच्या जातीचीच हवी. एसपीडीची पाटी ‘लुक’च्या पायडलला बसत नाही, तेव्हा घेताना पायडलचा फोटो दुकानदाराला दाखवा. पायडलमधला स्प्रिंगचा स्क्रू थोडा कसून घ्या. पाटी फक्त स्प्रिंगच्या जोरावर टिकलेली असते, म्हणून चालवताना टाच जोरात बाहेर वळवली, तर पाटीच सुटून येऊ शकते. मुलाने सुटीत घरी येऊन आपले बूट चढवावेत आणि एरवी घरच्यांनी चालवावी, अशी सोय हवी असेल, तर हा मार्ग चांगला. रोजच्या वर्दळीसाठी मात्र तो कच्चा समजावा.

दुसरा मार्ग, दोन तोंडांच्या पायडलचा. याची एक बाजू एसपीडीची आणि दुसरी सपाट असते. भेडाघाटला जाताना एक बाजू, बाजारात जाताना दुसरी. खर्च अधिक येतो आणि प्रत्येक वेळी पायाने योग्य बाजू वर आणण्याची सवय करावी लागते. तरी एकाच सायकलीवर हौस आणि घरकाम दोन्ही करणाऱ्याला ही खरी सोय.

तिसरा मार्ग सर्वांत साधा. क्लिपलेस पायडले काढून ठेवायची आणि साधी सपाट पायडले लावायची. ती काही शे रुपयांत मिळतात. घेताना पृष्ठभाग रुंद आणि खरखरीत आहे ना, आणि पुढे-मागे परावर्तक आहेत ना, हे पाहा. अणकुचीदार खिळ्यांची पायडले डोंगरातल्या सायकलस्वारांसाठी असतात. चपलेतून आणि साडी-सलवारीतून ती बोचतात आणि कापड अडकवतात. घरच्या वापराला रबरी किंवा बोथट उंचवट्यांची पायडलेच योग्य.

बदलताना हे सांभाळा

बहुतेक सर्व चांगल्या सायकलींच्या पायडलचे आटे एकाच मापाचे, नऊ-सोळांश इंचाचे असतात. काही स्वस्त आणि लहान मुलांच्या सायकलींत ते अर्ध्या इंचाचे असतात, म्हणून जुने पायडल बरोबर नेलेले बरे. सोडवायला बहुतेक 15 मिलीमीटरचा पाना लागतो. ज्यांना पान्याची जागाच नसते, ती आतल्या बाजूने ॲलन कीने सुटतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात! उजवे पायडल नेहमीच्या स्क्रूप्रमाणे सुटते, डावे त्याच्या उलट. चालवता चालवता पायडल आपोआप उलगडू नये, म्हणून ही योजना आहे. हे ठाऊक नसले, की माणूस डावे पायडल सोडवायला म्हणून सगळ्या जोरानिशी आवळत बसतो. लक्षात ठेवण्याची युक्ती सोपी आहे. आस पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही पायडले आवळतात आणि मागच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही सुटतात.

नव्या पायडलच्या आसावर ‘आर’ आणि ‘एल’ ही इंग्रजी अक्षरे असतात. आर उजवे, एल डावे. आट्यांना थोडे ग्रीस लावा आणि पहिले काही वेढे हातानेच द्या. हाताने सहज फिरत नसेल, तर आटे वाकडे बसताहेत असे समजा आणि पुन्हा सुरुवात करा. हलक्या सायकलीचा क्रँक ॲल्युमिनियमचा असतो. पान्याने जबरदस्ती केली, तर पायडलऐवजी क्रँकचेच आटे उडतात आणि काही शेंचे काम काही हजारांवर जाते. आपल्या हाताचा भरवसा नसेल, तर गल्लीतल्या सायकलवाल्याकडे जा. त्याच्याकडे पाना असतो, आणि त्याहून मोलाचा अंदाज असतो. पायडल नीट बसल्यावर पान्याने घट्ट आवळायला मात्र विसरू नका.

पायडल बदलल्यावर सीटची उंचीही पाहून घ्या. चपलेचा आणि बुटाचा तळवा सारख्या जाडीचा नसतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेले, की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. चालवताना मात्र टाच नव्हे, चवड्याचा फुगीर भाग पायडलवर ठेवायचा. सैल स्लीपरपेक्षा मागे पट्टा असलेली सँडल केव्हाही चांगली. साडीचा काठ, ओढणी आणि पायजम्याची कड साखळीपासून दूर बांधून घ्या. या सायकलींना बहुधा साखळीचे झाकण नसते.

काढलेली पायडले फेकू नका. पुसून, आटे तेलकट करून, खोक्यावर नाव लिहून ठेवा. मुलगा दिवाळीला येईल तेव्हा त्याच्या बुटांशेजारी ती त्याला सापडली पाहिजेत. सायकल त्याची आहेच. पण तो नसताना तिने बहिणीला कॉलेजला न्यावे, बाबांना घाटावर न्यावे आणि येताना हँडलला भाजीची पिशवी लटकवून आणावी, यात तिचा काहीच कमीपणा नाही. काळ्या सायकली हेच तर करत आल्या होत्या.